घरच्या शेडमध्ये गाडीला रंग आणि क्लिअर: आमच्या पद्मिनीचं काम

आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी १९९२ ची, एमएच १५ पासिंग, दुधी रंगाची. बाबा गेल्यावर ती नाशिकजवळ मखमलाबादला मामांच्या मळ्यात पत्र्याच्या शेडखाली सहा वर्षं उभी होती. इंजिनाचं काम झालं, ब्रेक झाले, आणि रंगाची वेळ आली तेव्हा मी ठरवलं की हे घरीच करायचं. मी अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. रंगकाम मात्र नवीन होतं. ते शिकायला मला दोन हिवाळे लागले. त्यातून जे हाती आलं ते इथे सविस्तर लिहितो, विशेषतः क्लिअरचं, म्हणजे रंगावर मारायच्या शेवटच्या पारदर्शक थराचं, कारण घरी रंगवलेल्या बहुतेक गाड्या शेवटच्या त्या टप्प्यात बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत.

आधी एक आकडा डोक्यात पक्का बसवा. नीट मारलेले क्लिअरचे दोन-तीन कोट वाळल्यावर साधारण ५० ते ७० मायक्रॉन भरतात. म्हणजे माणसाच्या एका केसाएवढी जाडी. ऊन झेलायचं, चकाकी द्यायची, धूळकण घासून काढायचे, पॉलिश करायचं, आणि पुढच्या पंधरा वर्षांत ओरखडे उठले तर तेही काढायचे, सगळं त्या एका केसातून. ही पुंजी आहे. प्रत्येक वेळी घासायचा पेपर लावला की तिच्यातून खर्च होतो. म्हणून माझं सगळं काम असं बेतलेलं होतं की शेवटी घासायला कमीत कमी उरावं.

जागा, ऋतू आणि श्वास

इमारतीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. टू-के क्लिअर म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं क्लिअर, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा वास येत नाही असं वाटलं म्हणजे ते हवेत नाही असं नव्हे. एकदा का शरीराला त्याची अॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही दमा उसळतो, आणि ती सवय शरीर सोडत नाही. कापडी मास्क किंवा कोविडच्या वेळचा मास्क इथे काहीही कामाचा नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा, नळीवाला मास्क लागतो, आणि त्याचा पंप शेडपासून लांब, स्वच्छ हवेत ठेवावा लागतो. शिवाय अंगभर सूट, नायट्राइलचे हातमोजे, डोळे पूर्ण झाकलेले. मी हा मास्क आधी घेतला, रंग फवारायची गन नंतर. ज्यांना तो घेणं शक्य नाही त्यांना माझा सल्ला असा: पत्र्यापासून सरफेसर (रंगाखालचा, घासून सपाट करायचा थर) घासण्यापर्यंतचं काम घरी करा, बेस (म्हणजे खुद्द रंगाचा थर) आणि क्लिअर बूथ, म्हणजे रंगाची बंद खोली, असलेल्या चांगल्या पेंटरकडून मारून घ्या, आणि पुढचं घासणं-बफिंग पुन्हा घरी करा. सरफेसरही टू-के असेल तर तोसुद्धा पेंटरकडूनच. यात कमीपणा काही नाही, गाडीच्या चकाकीतला निम्म्याहून जास्त वाटा तरीही तुमचाच राहतो.

नाशिकला या कामाचे खरे महिने म्हणजे फेब्रुवारी आणि मार्चची सुरुवात. पावसाळ्यात हवेतला दमटपणा रंगात बसतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, पत्रा दुपारी अकरापर्यंत गार असतो आणि संध्याकाळी लवकर दव धरतं. एप्रिलमध्ये उलट त्रास, थिनर हवेतच उडतं आणि रंग पत्र्यावर पोचेपर्यंत कोरडा होतो. मळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारणी सतत चालते, ब्लोअर सुरू झाला की ती धुई लांबवर येते. मामांनी आजूबाजूच्या दोन बागांत विचारून मला दिवस ठरवून दिला. गावाबाहेर काम करणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी हे आधी बोलून ठेवावं. शहरातल्या वाड्यात गाडी रंगवायचा मी विचारही केला नाही. आमचं घर जुन्या तांबट लेनमधलं, आणि मार्चात रंगपंचमीला तिथली रहाड (रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद) उघडते तेव्हा बोळातली भिंतसुद्धा कोरी राहत नाही.

शेडच्या आत मी पीव्हीसी पाइपचा सांगाडा करून प्लास्टिकचा तंबू बांधला. पंखा तंबूच्या बाहेर ठेवून गाळणीच्या कापडातून हवा आत ढकलली आणि समोरच्या बाजूला तशीच गाळणी लावून बाहेर सोडली. पंखा बाहेर ओढणारा लावला तर थिनरची वाफ थेट मोटरवरून जाते, एक ठिणगी पुरते. हे कृपया गांभीर्याने घ्या. तंबूत उघडा बल्ब, चालू-बंद होणारं बटण, मोबाइल चार्जर काहीही नको. कॉम्प्रेसर बाहेर.

कॉम्प्रेसरचं थोडक्यात. नळीत पाणी आणि तेल अडवणारी गाळणी हवीच. टाकी जितकी मोठी तितकं बरं, कारण एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाने फवारणारी गन हवा भरपूर खाते. आमच्याकडे शेजारचे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि मोटर दमायची. म्हणून शेतीची वीज कोणत्या पाळीला आहे ते बघून मी रंगाचा दिवस धरला.

पत्रा

आजोबा तांब्याचे हंडे घडवायचे. हंड्याला पोचा आला की आतून ऐरण टेकवून बाहेरून हलक्या हाताने मठारायचे, एकाच जागी दोनदा घाव नाही. पद्मिनीच्या मडगार्डवरचे पोचे मी त्याच पद्धतीने काढले, त्यांच्याच हातोडीने. जितका पोचा पत्र्यातच बसेल तितकी पुट्टी कमी लागते. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका.

काम सुरू करताना पेपर आधी उचलू नका. आधी साबणाच्या पाण्याने धुणं, मग डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव), मग पेपर. गाडीवर वर्षानुवर्षं मारलेलं पॉलिश, डॅशबोर्डला लावायचं ते चकचकीत सिलिकॉन, हे सगळं न धुता घासलं तर ओरखड्यांत खोल जातं आणि रंग मारल्यावर माशाच्या डोळ्यांसारखी गोल गोल भोकं पडतात. डिग्रीझर एका फडक्याने लावायचं आणि सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. एकाच फडक्याने केलं तर घाण फक्त इकडची तिकडे होते.

उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर लागेल तिथे पुट्टी. पुट्टी कोरडीच घासा, ८० नंबरच्या पेपरने आकार, मग १८०, मग ३२० (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). बाबांच्या हयातीत ही गाडी एकदा एका गॅरेजला रंगवायला दिली होती. तिथे पुट्टीवर वॉटर पेपर मारला गेला. पुट्टी पाणी पिते. पहिल्याच पावसाळ्यानंतर डाव्या दाराच्या खालच्या बाजूला फोड आले, आणि मी दार खरवडलं तेव्हा खाली पत्र्याला गंज लागलेला होता. त्या दाराला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

पुट्टीनंतर टू-के सरफेसरचे दोन-तीन कोट. तो वाळला की त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी हलका धुरळा सोडायचा आणि ठोकळ्यावर ४०० चा वॉटर पेपर लावून घासायचं. जिथे काळं उरलं तो खड्डा, जिथे सरफेसर लगेच उघडा पडला तो उंचवटा. बोटं थकतात पण ठोकळा सोडायचा नाही, कारण नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या नाल्या पडतात आणि त्या क्लिअरखाली ऊन पडलं की लाटांसारख्या दिसतात. शेवट ६०० आणि ८०० ने.

रंग कोणता यावर एकच सांगतो. मी मूळचाच दुधी ठेवला. तुम्ही बदलणार असाल तर आधी आरटीओत जाऊन चौकशी करा, आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो.

मास्किंग आणि बेस

मास्किंगला, म्हणजे रंग लागू नये ते भाग झाकायला, वर्तमानपत्र वापरू नका. थिनर त्यातून झिरपतं, शाई खालच्या भागावर उतरते, आणि कागदाचे तंतू उडतात ते निराळेच. मास्किंगचा कागद किंवा प्लास्टिक घ्या. रबर बीडिंग, दाराची हँडलं, दिव्यांच्या रिंगा शक्य तितक्या काढून ठेवा. जिथे टेप लावली तिथे कड राहते, जिथे भाग काढला तिथे राहत नाही.

रंगाच्या दिवशी जमीन ओली करा, म्हणजे पायाने धूळ उडणार नाही. गाडी पुन्हा डिग्रीझरने पुसून, शेवटी चिकट फडकं हलकेच फिरवा, दाबून नाही.

बेस, क्लिअर, हार्डनर, थिनर सगळं एकाच कंपनीचं आणि एकाच मालिकेतलं घ्या. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते मापाच्या भांड्यात मोजून, अंदाजाने नाही. गाळणीतून गाळून गनमध्ये भरा. बेसला आणि क्लिअरला १.३ ची नोझल, गनशी दाब दोन बारच्या आसपास. पत्र्यापासून एक वीत अंतर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. बेसचे तीन पातळ कोट, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, आधीचा कोट पूर्ण मॅट झाल्याशिवाय पुढचा नाही. बेस चमकायला नको. तो फक्त एकसारखा दिसला पाहिजे.

क्लिअर

गाडीला हात लावण्याआधी मी एका जुन्या लोखंडी कपाटाच्या दारावर चार वेळा क्लिअर मारलं. मुद्दाम जाड मारून ओघळ आणले, मुद्दाम लांबून मारून संत्र्याच्या सालीसारखा पोत आणला, आणि मग ते दोन्ही घासून काढायला शिकलो. तुम्हीही हे करा. क्लिअर मारताना किती ओलं पुरे आणि किती जास्त हे वाचून कळत नाही, हात आणि डोळा यांनाच ते कळतं.

भद्रकालीत एक वयस्कर पेंटर आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी कपाटाचं दार पाहिलं आणि विचारलं, "ट्रिगर कुठे सोडतोस?" मी दाखवलं, दाराच्या कडेवर. म्हणाले, "म्हणूनच ओघळ कडेला आहेत. हात पत्र्याच्या बाहेर जाऊ दे, मग सोड. आत येतानाही बाहेरूनच चालू करून ये." त्या एका दुरुस्तीने माझे निम्मे ओघळ गेले. दुसरं त्यांनी शिकवलं ते उजेडाबद्दल. एक दिवा तिरका, तुमच्या समोरून येईल असा ठेवा. (तो बंदिस्त, तंबूच्या प्लास्टिकबाहेर.) नजर गनवर नको, पत्र्यात दिसणाऱ्या त्या दिव्याच्या प्रतिबिंबावर हवी. क्लिअर पडतं तिथे आधी दाणे दिसतात, मग क्षणात ते दाणे एकमेकांत मिसळून प्रतिबिंब सपाट होतं. ते सपाट होईल एवढ्याच वेगाने हात पुढे न्यायचा. सपाट होण्याआधी पुढे गेलात तर साल, झाल्यावरही रेंगाळलात तर ओघळ.

मी साडेअकराला सुरू केलं, तेव्हा पत्रा हाताला कोमट लागत होता. छप्पर आधी, मग बॉनेट, मग एका बाजूने गोल फिरत डिकीपर्यंत. पहिला कोट मध्यम, पूर्ण ओला नाही. पंधरा मिनिटांनी मास्किंगच्या कागदावर पडलेल्या क्लिअरला बोट लावायचं, गाडीला नाही. बोट चिकटलं पण तार निघाली नाही की दुसरा कोट, तो पूर्ण ओला. मी पुढे घासणार होतो म्हणून तिसराही मारला. दोन लिटर क्लिअर आणि एक लिटर हार्डनर लागलं. अडीचला काम संपलं, म्हणजे दव धरण्याआधी चार-पाच तास ऊब मिळाली. संध्याकाळी दिवा लावून काम केलंत तर चिलटं येतात आणि ओल्या क्लिअरमध्ये बसतात. मध्येच एखादं बसलंच तर काढायला जाऊ नका. वाळल्यावर ते एका ठिपक्यापुरतं घासून निघतं, ओल्यात काढायला गेलात तर विताएवढी जागा खराब होते.

टेप क्लिअर पूर्ण कडक होण्याआधी, तासाभराने, स्वतःवर उलटी वळवून हळू ओढा. दुसऱ्या दिवशी ओढली तर क्लिअरची कड तिच्याबरोबर उचकटते.

घासणं

इथे घाई करू नका आणि फार उशीरही करू नका. मी दोन दिवस थांबलो. आठवडे गेले की क्लिअर इतकं कडक होतं की बफिंगला दुप्पट घाम येतो.

पहिलं काम ओघळांचं. ओघळाच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा म्हणजे आजूबाजूचं क्लिअर वाचेल. मग छोट्या कडक ठोकळ्यावर १००० चा पेपर, फक्त ओघळाच्या माथ्यावर. माथा टेपच्या उंचीला आला की टेप काढून १५०० ने सपाट.

मग सगळी गाडी. १५०० चा पेपर आधी अर्धा तास पाण्यात भिजत ठेवायचा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. बादली दोनदा तरी बदला, तळाची वाळू पेपरवर चढली की खोल ओरखडा पडतो. पाच-सहा वेळा घासलं की रबरी वायपरने पाणी ओढून पाहायचं. घासलेली जागा मॅट, न घासलेले खड्डे अजून चमकणारे ठिपके. ते ठिपके जवळजवळ गेले की थांबायचं, अगदी शेवटचा ठिपका जाईपर्यंत नाही. मग २०००, मग ३०००. हे पुढचे दोन नंबर नवीन काही सपाट करत नाहीत, ते फक्त आधीच्या नंबरचे ओरखडे बारीक करतात, म्हणून दिशा बदलून घासा, आधी आडवं तर मग उभं. आधीच्या दिशेच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पुढे.

आता माझी चूक सांगतो, कारण फिक्या रंगाची गाडी करणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी. सगळे सांगतात की पाणी पांढरं येतंय तोवर क्लिअर आहे, पाण्याला गाडीचा रंग आला की थांबा. कपाटाचं दार मी गडद लाल रंगवलं होतं, तिथे ही खूण अगदी बरोबर चालली. पण पद्मिनी दुधी. क्लिअरचं पाणी पांढरट आणि बेसचं पाणी दुधी, ओल्या बोटांवर दोन्ही सारखीच. बॉनेटच्या पुढच्या कडेवर मी २००० मारत होतो, पाणी ओढलं, आणि करंगळीच्या नखाएवढी एक जागा आजूबाजूपेक्षा जरा लवकर सुकली. एवढंच. हात फिरवला तर तिथे किंचित खरखरीत लागलं. तो बेस होता. धारदार कडेवरून ओलं क्लिअर मुळातच खाली सरकतं, तिथे ते सगळ्यात पातळ असतं, आणि पेपरचा दाब तिथेच सगळ्यात जास्त पडतो.

ती जागा ठिगळासारखी नुसती भरून चालत नाही. पूर्ण बॉनेट ८०० ने मॅट केलं, त्या जागेवर बेसचा हलका फवारा, आणि बॉनेटभर पुन्हा क्लिअर. आठवडा गेला.

त्या चुकीनंतर मी तीन गोष्टी बदलल्या. सगळ्या कडा आणि बॉडीच्या उठावाच्या रेषा यांवर टेप लावूनच घासलं, आणि शेवटी टेप काढून तेवढ्या पट्टीला फक्त ३००० हाताने, चार-पाच वेळा. दुसरं, हाताचे फेरे मोजायला लागलो, एका वितीच्या जागेला १५०० चे वीस फेरे, मग पाहणं. तिसरं, थर मोजायचं गेज आणलं. बॉनेटला पुन्हा क्लिअर मारण्याआधी नऊ जागा खुणेने लक्षात ठेवून मोजल्या होत्या, त्या क्लिअरनंतर पुन्हा त्याच. वाढ ६० ते ६८ मायक्रॉन होती. घासून-बफिंग करून पुन्हा मोजलं तेव्हा ९ ते १२ कमी झाले होते. निम्म्याहून अधिक पुंजी शिल्लक राहिली पाहिजे, त्यापेक्षा खाली जाऊ लागलात तर उरलेली साल तशीच राहू द्या. अगदी आरसा नसलेली पण पंधरा वर्षं टिकणारी गाडी मी केव्हाही पसंत करीन.

बफिंग

ग्राइंडरला पॅड लावून बफिंग करू नका. ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरतो, क्लिअर दोन सेकंदांत जळतं. वेग कमी-जास्त होणारं पॉलिशर घ्या, १२०० ते १८०० फेऱ्यांत ठेवा. आधी लोकरीचं पॅड आणि रबिंग कंपाउंड, मग फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. एका वेळी हातभर लांब-रुंद जागा. हात मधूनमधून पत्र्याला लावा. कोमट ठीक, चटका बसला तर थांबा. कडांवरून पॅड बाहेरच्या दिशेने फिरेल असं धरा, कड पॅडमध्ये घुसायला नको. पहिल्या फेरीत दूधकाचेसारखा धुरकटपणा असतो तो हळूहळू निवळतो आणि एका क्षणी शेडचे वासे बॉनेटमध्ये सरळ रेघेत दिसतात. वासे वाकडे दिसले तर सरफेसर नीट घासलेला नव्हता, आणि ते बफिंगने सुधारत नाही.

पुढचे तीन महिने मेण किंवा सिलिकॉनचं पॉलिश लावू नका, क्लिअरमधलं उरलेलं सॉल्व्हंट बाहेर पडायचं असतं. तोवर गाडीवर प्लास्टिकचं कव्हरही नको. पक्ष्यांची विष्ठा पडली तर त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढा.

उरलेलं हार्डनर ठेवू नका, डबा उघडला की हवेतल्या ओलाव्याने ते खराब होतं. उरलेला बेस मात्र काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकणावर तारीख आणि रंगाचा कोड लिहून ठेवा. आमची बाटली पद्मिनीच्या डिकीत, बाबांच्या जुन्या पान्यांच्या पिशवीत आहे.